पंचायत समितीच्या टेबलावरून ब्रिटनच्या सरकारी कचेरीत: कोल्हापूरच्या एका अर्जदाराचं प्रकरण

## पार्श्वभूमी

अर्जदार कोल्हापूर जिल्ह्यातल्या. ओळख पटू नये म्हणून तालुका आणि तिकडचं शहर सांगितलेलं नाही. नावाऐवजी नुसतं 'बाई' म्हटलं आहे. शिवाजी विद्यापीठाच्या बी.कॉम., टायपिंग, एमएससीआयटी, आणि २०१२ पासून एका पंचायत समितीत कनिष्ठ सहायक. आवक-जावक, आस्थापना, मग घरकुलाचं टेबल. २०१९ आणि २०२१ च्या पुरात इतर खात्यांतल्या लिपिकांसारखं त्यांनाही मदतवाटपाच्या याद्यांवर बसवलं होतं. हे काम पुढे फार उपयोगी पडलं.

नवरा शिरोलीच्या एका फाउंड्रीत क्वालिटीचं काम बघायचा. त्याला इंग्लंडच्या वेस्ट मिडलंड्स भागात नोकरी लागली, स्किल्ड वर्कर व्हिसावर. फेब्रुवारी २०२३ मध्ये बाई आणि मुलगी त्याच्यावर अवलंबून म्हणून, डिपेंडंट व्हिसावर गेल्या. मुदत २०२६ च्या सुरुवातीपर्यंत. बाईंनी राजीनामा दिला नाही, एक वर्षाची असाधारण रजा घेतली, म्हणजे बिनपगारी. घरच्यांचाही तोच आग्रह होता. सासरे म्हणाले होते, "पर्मनंट सोडून कुणी जातं व्हय? रजा टाक, बघू पुढचं पुढं."

## अडचण

पहिले दोन महिने अर्जच केला नाही, कारण समजूत अशी की सरकारी नोकरी फक्त तिथल्या नागरिकाला. ही समजूत चुकीची आहे. ब्रिटिश सिव्हिल सर्व्हिसच्या राष्ट्रीयत्वाच्या नियमांनुसार कॉमनवेल्थ देशाचा नागरिक, त्याच्याकडे तिथे काम करण्याचा हक्क असेल तर, राखीव नसलेल्या पदांना अर्ज करू शकतो. अशी पदं साधारण तीन चतुर्थांश. भारत कॉमनवेल्थमध्ये आहे. (याच कारणाने तिथे राहणारा भारतीय नागरिक तिथल्या निवडणुकीत मतदानही करू शकतो, बऱ्याच जणांना हे पहिल्यांदा ऐकताना खोटं वाटतं.) गुप्तचर यंत्रणा आणि परराष्ट्र सेवेतली पदं मात्र फक्त ब्रिटिश नागरिकांसाठी राखीव.

डिपेंडंट व्हिसावर काम करता येतं, नोकरी देणाऱ्याला प्रायोजक व्हावं लागत नाही. जाहिरातीत "आम्ही व्हिसा स्पॉन्सर करत नाही" असं वाचून बाईंनी काही चांगल्या जागा सोडून दिल्या. ते वाक्य त्यांना लागूच नव्हतं.

एप्रिलपासून अर्ज सुरू झाले आणि दुसरं टोक गाठलं. दिसेल ती जागा भरायची. आपल्याकडे जाहिरात निघाली की तलाठी, वनरक्षक, लिपिक, सगळीकडे फॉर्म टाकून ठेवतात, तसंच. त्यात काही पदांना एससी ('सिक्युरिटी चेक') पातळीची सुरक्षा तपासणी लागत होती. तिच्यासाठी साधारणपणे पाच वर्षं ब्रिटनमध्ये वास्तव्य हवं, त्याखालच्या सीटीसी ('काउंटर टेररिस्ट चेक') पातळीला तीन. जाहिरातीच्या तळाशी एका ओळीत हे लिहिलेलं असतं. देशात येऊन तीन महिने झालेल्या माणसाने तिथे वेळ घालवण्यात अर्थ नाही.

खरी गोची पुढची होती. जिथे त्या पूर्ण पात्र होत्या, तिथेही पहिल्याच चाळणीत नाव गळत होतं. सात गुणांच्या पट्टीवर दोन, फार तर तीन. पुढे जायला साधारण चार लागतात.

## अर्ज हीच परीक्षा

एमपीएससी किंवा जिल्हा परिषद भरतीची सवय असलेल्या माणसाला फॉर्म म्हणजे फक्त माहिती भरणं. परीक्षा नंतर, गुण परीक्षेला. ब्रिटिश सिव्हिल सर्व्हिसमध्ये काही पदांना ऑनलाइन चाचण्या असतात, पण बहुतेक जागांसाठी गुण फॉर्ममधल्या मजकुरालाच मिळतात. २०१८ पासून तिथे 'सक्सेस प्रोफाइल्स' नावाची पद्धत आहे. तिच्यात नऊ 'बिहेवियर' ठरवलेले आहेत: वेळेत काम तडीस नेणं, सेवेचा दर्जा सांभाळणं, इतरांसोबत काम करणं वगैरे. जाहिरातीत त्यातले दोन-चार मागतात. प्रत्येकासाठी स्वतःच्या कामातलं एक उदाहरण, २५० शब्दांत. नाव, कॉलेज, वय तपासणाऱ्याला दिसत नाही. त्याच्यासमोर फक्त तो मजकूर असतो. अर्ज खूप आले तर सगळं वाचतही नाहीत. एकच मुख्य बिहेवियर आधी तपासतात आणि तिथेच निम्म्याहून जास्त माणसं बाहेर जाऊ शकतात. कोणता मुख्य, ते जाहिरातीत लिहिलेलं असतं.

बाईंचा 'वेळेत काम तडीस नेणं' या शीर्षकाखालचा पहिला मजकूर साधारण असा होता:

"मी पंचायत समितीत अकरा वर्षे कार्यरत असून माझ्याकडे विविध विषयांचा पदभार आहे. पूरपरिस्थितीत आम्ही सर्व कर्मचाऱ्यांनी रात्रंदिवस काम केले. वरिष्ठांनी सोपविलेली सर्व जबाबदारी वेळेत पार पाडली. कार्यालयाचे काम कौतुकास पात्र ठरले."

गोपनीय अहवालात हे शोभलं असतं. इथे तपासणाऱ्याला गुण द्यायला काही सापडत नाही. कोणतं काम, किती दिवसांत, अडलं कुठे, आणि या बाईंनी स्वतः काय केलं?

## पर्याय

सप्टेंबर २०२३ मध्ये, रजेचे पाच महिने उरले असताना, बसून हिशोब मांडला गेला.

परत येणं हा पहिला पर्याय. नोकरी शाबूत, पण मुलगी शाळेत रुळलेली आणि संसार दोन देशांत. दुसरा, गोदामात किंवा दुकानात मिळेल ते काम. पैसे लगेच, पण सरकारी नोकरीच्या अर्जात त्याचं वजन कमी. तिसरा, परदेशी पदव्या तपासणाऱ्या युके एनिककडून (ENIC) पदवीचं समतुल्यता पत्र आणि वर एखादा अकाउंटिंगचा कोर्स. यावर खर्च करायची तयारी झाली होती, ती थांबवली. लिपिक पातळीच्या ज्या जागा बाई बघत होत्या, त्यांच्या जाहिरातीत पदवीची अटच नव्हती. एजंट आणि ओळखीचे लोक सगळ्यात आधी "डिग्री इव्हॅल्युएशन करा" म्हणतात. जाहिरात मागत असेल तरच ते करावं.

चौथा पर्याय स्थानिक कौन्सिल (तिथली नगरपालिका) किंवा एनएचएसमध्ये (तिथली सरकारी आरोग्यसेवा) एजन्सीमार्फत तात्पुरतं काम. एनएचएसमध्ये बँड २ आणि ३ च्या कार्यालयीन जागा सतत निघतात. कौन्सिलच्या बाबतीत जागा बघून जावं लागतं: बर्मिंगहॅम सिटी कौन्सिलने त्याच महिन्यात कलम ११४ ची नोटीस काढली होती, म्हणजे बंधनकारक सेवा सोडून नव्या खर्चाला बंदी. तिथे थांबण्यात अर्थ नव्हता, आसपासच्या कौन्सिलांत होता. पाचवा पर्याय थेट सिव्हिल सर्व्हिसचे अर्ज चालू ठेवणं, पण कमी आणि नीट.

चौथा आणि पाचवा एकत्र धरायचं ठरलं. तिथे रजेचा प्रश्न आडवा आला.

## रजा की राजीनामा

रजेवर असलेल्या महाराष्ट्रातल्या सरकारी किंवा जिल्हा परिषद कर्मचाऱ्याला पूर्वपरवानगीशिवाय दुसरीकडे पगारी नोकरी करता येत नाही. बिनपगारी रजा असली तरी नाही. "तिकडं केलेलं इकडं कुणाला कळतंय" असं सांगणारे भरपूर भेटतात. शिस्तभंगाची कारवाई हा एक भाग झाला. दुसरा भाग कमी लोकांच्या लक्षात येतो: ब्रिटनमध्ये नेमणुकीआधी मागच्या तीन वर्षांच्या नोकऱ्यांची तारीखवार पडताळणी होते. कोल्हापूरच्या कार्यालयाने "आजही आमच्या सेवेत" लिहिलं आणि त्याच काळात कौन्सिलमध्ये काम दिसलं, तर खुलासा मागतात. लपवलेली गोष्ट सापडणं तिथे अनुभव कमी असण्यापेक्षा वाईट.

राजीनाम्याने काय जाणार, हे भावनेपेक्षा आकड्यांत बघितलं गेलं. १ नोव्हेंबर २००५ पासून रुजू झालेल्यांना महाराष्ट्रात तेव्हा जुनी पेन्शन नव्हती; बाई २०१२ च्या, म्हणजे एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजना). २००५ पूर्वीच्या माणसाने राजीनामा दिला तर झालेली सेवाच पेन्शनच्या हिशोबातून जाते, तो तोटा फार मोठा. बाईंची जमा रक्कम त्यांच्या नावावरच राहणार होती, फक्त मुदतीआधी बाहेर पडल्याने तिचा बराच भाग वार्षिकीत अडकणार होता. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यभर संप झाला होता, त्यामुळे "थांब, लागू होईल" असंही घरातून सांगणं होतं. होईल-न होईल यावर संसार अडकवून ठेवायचा नाही, असं बाईंनी ठरवलं.

ऑक्टोबरमध्ये राजीनामा पाठवला. एक महिन्याची नोटीस, ना-देय प्रमाणपत्र, चौकशी प्रलंबित नसल्याचा दाखला. मंजुरीचा आदेश डिसेंबरात हाती आला. राजीनामा दिल्याच्या तारखेला नव्हे, तो मंजूर होऊन आदेशात लिहिलेल्या तारखेला सेवा संपते. एजन्सीने नोव्हेंबरातच काम देऊ केलं होतं. ते सोडून दिलं आणि जानेवारी २०२४ मध्ये दुसऱ्या एका कौन्सिलच्या करवसुली विभागात तात्पुरत्या रुजू झाल्या. दोन महिन्यांचा पगार गेला. आमच्या मते हा या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय.

## मजकूर नव्याने

आता अर्जाकडे. पुराचंच उदाहरण ठेवलं, पण एका टेबलापुरतं. जुलै २०२१ च्या पुरानंतर पंचगंगेकाठच्या गावांची मदत बँक खात्यांत सोडली, तर तीनशेच्या वर रकमा परत आल्या. कार्यालयात सगळे खाते क्रमांक चुकल्याचं धरून बसले होते, आणि प्रत्येक गावाला नवीन यादी मागवायची तयारी चालली होती. बाईंनी परत आलेली यादी आयएफएससीच्या पहिल्या चार अक्षरांवर लावून बघितली. मोठा गठ्ठा एसवायएनबीचा निघाला. सिंडिकेट बँक एप्रिल २०२० मध्ये कॅनरात विलीन झालेली, आणि तिचे जुने आयएफएससी १ जुलै २०२१ पासून बंद. खाती बरोबर होती, कोड मेलेले होते. बाईंनी कॅनराच्या शाखेतून नव्या कोडांचा तक्ता आणला, तो गठ्ठा वेगळा करून दुरुस्त केला आणि उरलेल्याच लोकांची पासबुकं ग्रामसेवकांकडून मागवली.

ही गोष्ट पहिल्या अर्जात नव्हतीच. "त्यात काय एवढं, ते तर रोजचंच," असं त्यांचं म्हणणं होतं. सरकारी कार्यालयात बरीच वर्षं काढलेल्या माणसाची हीच अडचण असते: जे खरं कौशल्य, ते त्याला सांगण्यासारखं वाटत नाही, आणि सांगतो तो पदभार.

२५० शब्दांची वाटणी अशी केली: परिस्थितीला चाळीसच्या आसपास, आपल्यावर काय होतं याला तीस, स्वतःच्या कृतीला दीडशे, परिणामाला उरलेले. कृतीच्या दीडशे शब्दांत प्रत्येक वाक्याचा कर्ता 'मी'. 'आम्ही' जिथे खरंच सगळे होते तिथेच. हे बाईंना शेवटपर्यंत अवघड गेलं. मोठेपणा मिरवल्यासारखं वाटायचं. तलाठी, पंचनामा, सानुग्रह अनुदान हे शब्द काढले आणि त्या माणसाचं काम लिहिलं. लाखांचे आकडे तिकडच्या हजारांत मांडले. आयएफएससीला "शाखेचा ओळख कोड" एवढंच पुरलं. परिणामात दिवस लिहिले: नवीन यादीला लागले असते तीन आठवडे, लागला एक.

एआयकडून मजकूर लिहून घ्यायचा मोह झाला होता. तिथल्या जाहिरातींतच आता लिहिलेलं असतं की मदत घ्या, पण उदाहरण तुमचंच आणि खरं हवं, नाहीतर अर्ज बाद. शिवाय यंत्राने लिहिलेल्या मजकुरात एसवायएनबी कुठून येणार?

## मुलाखत आणि प्रतीक्षा यादी

एप्रिल २०२४ मध्ये एका केंद्रीय विभागात एओ, म्हणजे 'ॲडमिनिस्ट्रेटिव्ह ऑफिसर' दर्जाची जागा निघाली. नावात 'ऑफिसर' असलं तरी काम आपल्या कनिष्ठ सहायकाच्या जवळचं. मुख्य बिहेवियरला पाच गुण मिळाले. जूनमध्ये मुलाखत, टीम्सवर.

मुलाखतीत दोन प्रकारचे प्रश्न येतात. बिहेवियरचे, ज्यांची तयारी करता येते आणि करावीच. आणि 'स्ट्रेंग्थ'चे, जे आधी सांगत नाहीत: तुम्हाला कोणतं काम करताना उत्साह येतो, कशाने कंटाळा येतो. दुसऱ्यांना बाईंनी पाठ केलेली उत्तरं दिली, तिथे गुण कमी पडले. एक-दोन मिनिटांत, मनातलं, सरळ बोलणं एवढंच तिथे अपेक्षित असतं. पॅनलवरचे लोक मान खाली घालून लिहीत राहतात. आपल्याकडच्या माणसाला वाटतं, झालं, आवडलं नाही. तसं काही नसतं, ते गुणांसाठी टिपणं काढत असतात.

निकाल आला: पास, पण जागा भरल्या. नाव राखीव यादीत, बारा महिन्यांसाठी. घरी कोल्हापुरात हे कळल्यावर "वेटिंग लिस्ट म्हणजे गेलंच" अशी प्रतिक्रिया होती. तिथे ही यादी खरंच वापरतात, तशाच दुसऱ्या जागेसाठीही त्यातून बोलावतात. ऑक्टोबरमध्ये बोलावणं आलं. पण ते येईपर्यंत कौन्सिलचं काम सोडलं नाही, इतर अर्जही थांबवले नाहीत.

## पडताळणी

मिळालेली ऑफर सशर्त होती. बीपीएसएस नावाची मूळ पडताळणी पूर्ण झाल्यावरच पक्की. तिच्यात चार गोष्टी: ओळख, कामाचा हक्क, गुन्ह्यांची नोंद, तीन वर्षांचा नोकरीचा इतिहास. तीन वर्षांत मिळून सहा महिन्यांहून जास्त परदेशात असाल तर त्या काळाचाही हिशोब द्यावा लागतो. बाईंच्या तीन वर्षांपैकी जवळजवळ दीड वर्ष कोल्हापुरात होतं.

विभागाने पंचायत समितीच्या अधिकृत ईमेलवर संदर्भ मागितला. तो मेल कुणी उघडलाच नाही. दोन स्मरणपत्रं गेली, तीही तशीच. जुन्या एका सहकारी मैत्रिणीने प्रत्यक्ष टेबलावर जाऊन पत्र मिळवलं, पण पहिलं परत गेलं: जावक क्रमांक नव्हता, सही कुणाची ते कळत नव्हतं, आणि पत्र मराठीत. दुसऱ्यांदा लेटरहेड, जावक क्रमांक, तारीख, गोल शिक्का, सही करणाऱ्याचं पूर्ण नाव, पदनाम, कार्यालयाचा दूरध्वनी, रुजू झाल्याची आणि सेवा संपल्याची तारीख, असं सगळं इंग्रजीत घेतलं. जोडीला फॉर्म १६, पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट आणि राजीनामा मंजुरीचा आदेश, भाषांतरकाराच्या सही-तारखेसह.

नावाचा घोळ वेगळाच. पदवीवर माहेरचं नाव, सेवापुस्तकात नवऱ्याच्या नावासह सासरचं, पासपोर्टवर मधलं नाव पहिल्या नावाला जोडलेलं. महापालिकेच्या विवाह नोंदणी प्रमाणपत्राने ते मिटलं. भारताचं पोलीस क्लिअरन्सही मागितलं गेलं. ते तिथून अर्ज करून मिळवण्यात आठवडे गेले.

कामाच्या हक्काबद्दल एक गोंधळ त्या काळापुरता होता. बाईंच्या बीआरपी कार्डावर (तिथल्या वास्तव्याच्या परवान्याचं कार्ड) ३१ डिसेंबर २०२४ ही मुदत छापलेली, व्हिसा मात्र २०२६ पर्यंत. ब्रिटनने कार्डं बंद करून ई-व्हिसा आणला, म्हणून ती तारीख. ऑनलाइन खातं उघडून शेअर कोड दिला की खरी मुदत दिसते. कोड नव्वद दिवस चालतो. घाईने आधीच काढून ठेवला तर पडताळणीच्या वेळी संपलेला असतो.

## निकाल

जानेवारी २०२५ मध्ये बाई कायम पदावर रुजू झाल्या. व्हिसा संपण्याआधी कामाचा हक्क पुन्हा तपासला जाईल, अशी नोंद फायलीत आहे. पगार सुरुवातीच्या पायरीचा. कोल्हापूरची अकरा वर्षं वेतननिश्चितीत धरली गेली नाहीत. पेन्शनची योजना 'अल्फा': दरवर्षीच्या पेन्शनपात्र पगाराच्या २.३२ टक्के इतकी वार्षिक पेन्शन खात्यात जमा होत जाते, बाजारावर अवलंबून नसलेली. ज्यासाठी इकडे संप झाला, त्याच जातीची गोष्ट तिकडे सगळ्यात खालच्या दर्जाच्या कर्मचाऱ्यालाही मिळते, हे सासऱ्यांना सांगितल्यावर त्यांचा विरोध बराच मावळला म्हणतात.

## काय वेगळं करता आलं असतं

कागद कोल्हापुरातच जमवायला हवे होते. निघण्याआधी कार्यालयात ओळख असते, साहेब बदललेले नसतात, चहा पिता पिता सही होते. इंग्रजीतलं अनुभव प्रमाणपत्र, मागच्या तीन वर्षांचे फॉर्म १६, विवाह नोंदणी आणि संपर्कासाठी एका अधिकाऱ्याचा चालू असलेला अधिकृत ईमेल, एवढं बरोबर असतं तर पडताळणी निम्म्या वेळात झाली असती. पोलीस क्लिअरन्स आधी काढून उपयोग नाही, ते जुनं झालं की चालत नाही.

सुरुवातीचे महिने वाया गेले ते नियम न वाचता ऐकीव माहितीवर विसंबल्याने. प्रत्येक जाहिरातीत तीन ओळी आधी बघायच्या: राष्ट्रीयत्व, सुरक्षा पातळी, मुख्य बिहेवियर. पहिल्या दोनमध्ये बसत नसेल तर तिसरी वाचू नये.

एओवरच थांबावं का, यावर मतभेद होऊ शकतो. त्याच मजकुराला ईओ, म्हणजे एक पायरी वरच्या पदाला, चार गुण मिळाले असते असं आम्हाला वाटतं. काही जाहिरातींत ईओला थोडं कमी पडलेल्या उमेदवाराला एओ देऊ करतात. अशा ठिकाणी वरचा अर्ज करण्यात तोटा नव्हता. बाईंनी तो केला नाही कारण तोवर नकारांनी धीर खचला होता. आता त्या ईओच्या अंतर्गत जाहिराती बघत आहेत, आणि यावेळी उदाहरण कौन्सिलच्या करवसुलीतलं घ्यावं की पुन्हा पुराचंच, यावर खल चालू आहे.